आजीने दिलेला खो

संध्याकाळच्या आरतीला अजून तासभर अवकाश होता. जबलपूरच्या ग्वारीघाटावर फुलांचे द्रोण आणि पणत्या विकणाऱ्या बायका टोपल्या मांडत होत्या. नावाडी "उस पार, उस पार" असा पुकारा करत होते. पलीकडच्या काठावरच्या गुरुद्वाराला जाणारे लोक चपला हातात घेऊन नावेत चढत होते. एका पायरीवर आजी आणि तिची तेरा वर्षांची नात बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये चार हातांचे अंतर होते. एरवी ही पोर आजीच्या मांडीला मांडी लावून बसायची.

भांडणाचे कारण तसे एका नावाड्याच्या तोंडून बाहेर पडले होते. आजीला पाहताच त्याने सवयीने हाक मारली होती, "बहनजी, आज भी उस पार चलेंगी?"

"आज भी?" नातीने विचारले. मग सगळे उलगडले. दर रविवारी सकाळी देवदर्शनाच्या नावाखाली घराबाहेर पडणारी आजी नावेतून पलीकडे जात होती आणि तिकडच्या छोट्या शाळेतल्या मुलींना खो-खो शिकवत होती. त्याच शाळेतल्या मुलींना, ज्यांच्याशी नातीच्या संघाचा पंधरा दिवसांनी सामना होता!

"तू आमची आहेस की त्यांची?" नातीचा आवाज चढला होता.

"काहून गं ओरडतेस? दोघींची असली तर काय नर्मदा आटेल?" आजी म्हणाली. लग्न होऊन जबलपुरात येऊन तिला पंचेचाळीस वर्षे होत आली होती, पण गोंदियाचे 'काहून' काही सुटले नव्हते.

आजी गोंदियाची. शाळेत असताना खो-खो खेळली, जिल्ह्याच्या संघातून खेळली आणि लग्न करून इकडे आली, ती गोंदियाहून जबलपूरला येणाऱ्या छोट्या रेल्वेने. त्या नॅरोगेज गाडीने नर्मदेचा पूल ओलांडला की ग्वारीघाटचे स्टेशन यायचे आणि डब्यातली मंडळी नदीला हात जोडून ट्रंका आवरायला घ्यायची. ती गाडी २०१५ साली बंद झाली, मोठी लाइन आली. आजीचे माहेर आणि सासर कधीकाळी एकाच प्रांतात होते. त्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ साली नकाशा बदलला आणि जबलपूर मध्य प्रदेशात गेले, नागपूर-गोंदियाचा भाग आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेला. एका घराची दोन घरे होतात आणि मधली भिंत पुढच्या पिढीला जन्मापासूनची वाटू लागते, हे आजीला कोणी समजावून सांगायला नको होते.

आजोबा तोफांच्या कारखान्यात नोकरीला, आजी एका शाळेत पी.टी.ची शिक्षिका. त्या शाळेत तिने तीस वर्षे मुलींना पळवले. निवृत्त झाल्यावर उरली एकच शिष्या, ती म्हणजे ही नात.

नात उत्तम खेळायची, यात शंका नव्हती. तिच्या कपाटाच्या दारावर सारिका काळेचे छायाचित्र चिकटवलेले होते. सारिका तेव्हाच्या उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँगला बाराव्या दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. त्यांत खो-खो पहिल्यांदा पदकांचा खेळ झाला. सारिकाच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी बांगलादेशाला हरवून सुवर्णपदक आणले, मुलांनीही आणले. पुढे २०२० साली सारिकाला अर्जुन पुरस्कार मिळाला. मराठी मातीतला खेळ शेजाऱ्यांच्या अंगणात पदकासाठी खेळला जातो आहे, याचे आजीला इतके अप्रूप वाटले होते की तीन वर्षांच्या झोपलेल्या नातीला मांडीवर घेऊन ती बातम्या पुन्हा पुन्हा बघत बसली होती.

पण त्या बातम्यांत आजीच्या मनात जी घर करून राहिली, ती एक परकी मुलगी. बांगलादेशाची माबिया अख्तर सिमांता. वजन उचलण्याच्या स्पर्धेत तिने सुवर्ण मिळवले. पदक गळ्यात पडले, राष्ट्रगीत सुरू झाले, तिने कडक सलाम ठोकला आणि तशीच उभी राहून ती घळाघळा रडू लागली. सलामाचा हात खाली येत नव्हता, डोळ्यांचे पाणी थांबत नव्हते. त्या स्पर्धांत भारताची पदके तीनशेच्या पुढे गेली होती. आपल्या किती सुवर्णविजेत्यांची नावे आजीला सांगता आली असती? दोन किंवा तीन. माबियाचे नाव मात्र ती विसरली नाही.

शेजारी देशांच्या या स्पर्धांची गंमतच अशी आहे. त्या सुरू झाल्या १९८४ च्या सप्टेंबरात, काठमांडूला. देश सात, खेळ अवघे पाच. सार्क ही राष्ट्रप्रमुखांची संघटना ढाक्याला स्थापन झाली ती १९८५ च्या डिसेंबरात, म्हणजे पुढाऱ्यांच्या आधी खेळाडू एकत्र जमले! त्या पहिल्या स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण यजमान नेपाळने पटकावले. त्याच १९८५ च्या डिसेंबरात ढाक्याला दुसरी स्पर्धा झाली आणि तिच्यात कबड्डी आली. आपल्याकडे हुतूतू, बांगलादेशात हा-डु-डु. तिकडे तर तो राष्ट्रीय खेळ. १९८७ साली कोलकात्याला तिसरी स्पर्धा भरली, तेव्हाच आशियाई खो-खो महासंघाचा पाया घातला गेला. २००४ पासून अफगाणिस्तानचे खेळाडूही येऊ लागले.

वेळापत्रक मात्र कधी धड पाळले गेले नाही. २०१२ साली दिल्लीला व्हायची स्पर्धा चार वर्षे लांबून गुवाहाटी-शिलाँगला झाली. २०१९ साली काठमांडू-पोखऱ्याला तेरावी झाली आणि चौदावी पाकिस्तानात ठरली, तर तिच्या तारखा पुढे पुढेच ढकलल्या गेल्या. शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाले की पहिला फटका मुलांच्या खेळाला बसतो, हे वाड्यातही असेच असते.

आणि पदकांचा तक्ता? तो पाहिला की थोडे अवघडायलाच होते. २०१९ साली भारताची सुवर्णपदके १७४, एकूण ३१२. भूतानला वीस पदके मिळाली, त्यांत सोन्याचे एकही नाही. मालदीवला एकच सुवर्ण, पण ते कुठले? शंभर मीटर धावण्याचे! हसन सईद नावाच्या धावपटूने ते जिंकले आणि एवढ्याशा बेटांच्या देशाचा माणूस दक्षिण आशियातला सर्वांत वेगवान ठरला. नेपाळच्या गौरिका सिंह या सतरा वर्षांच्या मुलीने पोहण्यात चार सुवर्णे मिळवली. २०१५ च्या भूकंपाच्या वेळी ती काठमांडूतच होती आणि त्यातून वाचली होती.

तिरंदाजीची कथा वेगळीच. भारताच्या तिरंदाजी संघटनेवर त्या वर्षी जागतिक संघटनेची बंदी होती, म्हणून आपले तिरंदाज पोखऱ्याला गेलेच नाहीत. दहाच्या दहा सुवर्णपदके बांगलादेशाने नेली. आता हे सोपे यश म्हणून हिणवणारेही भेटतात. पण बांगलादेशाच्या रोमन सानाने त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून टोकियो ऑलिंपिकची जागा मिळवली होती, हे ते विसरतात. जबलपूरच्या माणसाने तर हे विसरूच नये. इथे राज्याची तिरंदाजी अकादमी आहे, इथल्याच मुस्कान किरारने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्य मिळवले आहे. बाण किती कष्टाने मध्यावर लागतो, हे या गावाला ठाऊक आहे.

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळाशाळांच्या सामन्यांत नातीच्या संघाची गाठ पलीकडच्या काठावरच्या शाळेशी पडली. तिकडच्या मुली अनवाणी होत्या. मैदानावर आल्या तेव्हा एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. पळायला चपळ, दमाला चांगल्या, पण खेळ कोणी शिकवलेला नव्हता. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की मागे वळायचे नाही, हेही दोघीतिघींना माहीत नव्हते. पंच शिट्टी वाजवायचे आणि त्या बावरून बघत राहायच्या. नातीच्या संघाने एक डाव राखून सामना जिंकला. बसल्या मुली जांभया देत होत्या म्हणा ना!

सामना संपल्यावर नात आजीकडे धावत आली. तिने फुशारकी मारली नाही. उलट म्हणाली, "मजाच नाही आली."

आजी काही बोलणार, तोच पलीकडच्या संघातली एक बारीकशी मुलगी समोर येऊन उभी राहिली. आजी पूर्वी पी.टी.ची बहनजी होती, हे तिला कुणीतरी सांगितले असावे. हातातल्या बिस्किटाच्या पुड्याशी चाळा करत तिने विचारले, "दादी, खो कब देना है, ये कैसे समझ में आता है?"

आजीने तीस वर्षांत शेकडो मुलींना खो-खो शिकवला होता. हा प्रश्न तिला फार थोड्या जणींनी विचारला होता. 'खो' द्यायचा कधी, यातच सगळा खेळ आहे. स्वतः पळत राहायचा मोह आवरून, नेमक्या क्षणी बसलेल्या मैत्रिणीला उठवायचे. हे पुस्तकात नाही, शिट्टीत नाही. पुढच्याच रविवारी आजी नावेत बसली.

पायरीवरच्या भांडणात हे सगळे आजीने सांगितले. नातीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण सामना आमच्याशी आहे ना! आम्ही हरलो तर?"

घरीही तेच. रात्री जेवताना नातीचे बाबा अवघडून म्हणाले, "आई, तुझं चुकलं असं नाही. पण तिच्याच शाळेविरुद्ध? तिच्या सरांना कळलं तर काय वाटेल?" आजी भाताचा घास घेता घेता थांबली. हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता, असे थोडेच होते? नावेतून परत येताना दर वेळी विचारला होता. नातवंडाच्या डोळ्यांत पाणी येईल असे काही आपल्या हातून घडते आहे, हे माहीत असलेल्या बाईला घास गोड लागत नाही.

शैलजा जैन यांना असा प्रश्न किती जणांनी विचारला असेल! त्या नाशिकच्या कबड्डी प्रशिक्षक, आयुष्य महाराष्ट्रातल्या मुली घडवण्यात गेलेले. २०१७ साली त्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. परका देश, परकी भाषा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जकार्ताला आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला, भारत विरुद्ध इराण. महिलांची कबड्डी २०१० साली या स्पर्धेत आल्यापासून भारत कधी हरला नव्हता. त्या दिवशी इराण २७-२४ ने जिंकला. एका बाजूला आपल्या मुली रडत होत्या आणि दुसऱ्या बाजूला ज्या मुली नाचत होत्या, त्यांनाही एका मराठी बाईनेच शिकवले होते. पुरुषांचा संघही त्या वेळी इराणकडूनच उपान्त्य फेरीत हरला होता. १९९० पासून प्रत्येक वेळी सुवर्ण आणणारा संघ! पाच वर्षांनी हांगझोला दोन्ही सुवर्णे परत आली. महिलांनी चिनी तैपेईला हरवले ते २६-२५ असे, एका गुणाने. कबड्डीचा सामना बघताना श्वास रोखून धरावा लागतो, हे आपल्याला तेव्हा कळले.

नातीला हे सांगून उपयोग झाला नाही. "ते मोठ्यांचं झालं," ती म्हणाली. "आणि शैलजाबाईंची नात नव्हती समोरच्या संघात."

बरोबरच होते ते. आजीकडे त्याला उत्तर नव्हते.

मग नातीनेच, जरा वेळाने, दुसरी गोष्ट काढली. नीरज चोप्रा तिच्या घरातला देव. अठरा वर्षांच्या नीरजने गुवाहाटीत भालाफेकीचे सुवर्ण जिंकले, तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर पाकिस्तानचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता, अर्शद नदीम. २०१९ साली काठमांडूला नीरज दुखापतीमुळे नव्हता, अर्शदने ८६.२९ मीटर फेकून सुवर्ण घेतले आणि थेट ऑलिंपिकची पात्रता मिळवली. टोकियोत नीरज पहिला, अर्शद पाचवा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकआधी अर्शदकडे चांगला भालासुद्धा नाही, जुनाच वापरतो आहे अशी बातमी आली, तेव्हा त्याच्यासाठी जाहीर बोलणाऱ्यांत नीरज होता. आणि पॅरिसला अर्शदने भाला फेकला ९२.९७ मीटर, ऑलिंपिकचा विक्रम! नीरजला रौप्य. त्या रात्री नात उशीत तोंड खुपसून रडली होती.

"त्याला भाला मिळू नये असं नीरजला वाटायला हवं होतं का?" आजीने विचारले.

नात गप्प राहिली. नीरजची ८९.४५ मीटरची फेक ही त्याच्या तोवरच्या कारकिर्दीतली दुसरी सर्वोत्तम होती, हे तिला पाठ होते. अर्शद नसता तर ती फेक झाली असती की नाही, हे कोणी सांगावे? दुसऱ्या दिवशी नीरजच्या आईने सुवर्ण जिंकणाराही आपलाच मुलगा असल्याचे सांगितले, तेही तिने टीव्हीवर पाहिले होते. तेव्हा ते ऐकून तिला रागच आला होता.

"मला तो राग अजून आहे," ती म्हणाली आणि पांघरूण ओढून झोपली. आजीला हसू आले आणि बरेही वाटले. पोर खोटे बोलत नव्हती.

सामन्याच्या दिवशी आजी मैदानावर गेली, पण कोणत्याच बाजूला बसली नाही. गुणलेखकाच्या टेबलामागे, उन्हात, छत्री घेऊन उभी राहिली.

पलीकडच्या मुली या वेळी बुटांत होत्या. नातीच्या संघाने पहिल्या डावात चांगले गडी टिपले, पण मागच्या वर्षीसारखे नाही. दर गड्यासाठी घाम गाळावा लागत होता. तिकडच्या मुली खो वेळेवर देत होत्या. एकीने दिला, दुसरीने घेतला, तिसरी उठली. पाटीवर माळ फिरावी तशा. सामना बरोबरीत चालला होता. लोक उठून उभे राहिले. शेंगदाणेवाल्यानेही टोपली खाली ठेवली.

शेवटच्या डावात नात पळतीला होती. तीन मिनिटे तिने एकटीने झुंजवले. आजीच्या हातातली छत्री कधी मिटली, तिला कळले नाही. नात खांबाला वळसा घालून सुटली, असे वाटले, इतक्यात ती बारीकशी मुलगी एका हाताने खांब धरून अंग झोकून आडवी झाली. खांबावरचा सूर! तिची बोटे नातीच्या टाचेला लागली. पंचांची शिट्टी वाजली.

दोन गुणांनी पलीकडची शाळा जिंकली. मुली ओरडत, मातीत लोळत होत्या. ती बारीकशी मुलगी मात्र उभी राहून, कोपर फुटून रक्त येत असताना, हसत की रडत होती ते कळत नव्हते.

घरी जाताना रिक्षात नात एक शब्द बोलली नाही. ग्वारीघाटाच्या वळणावर ती म्हणाली, "तो सूर तू शिकवलास?"

"हो."

"मला नाही शिकवलास."

आजी एकदम वरमली. खरेच होते. नातीला सूर कधी लागलाच नव्हता. समोरचे संघ असे यायचे, की नुसते पळून गडी हाती लागायचा. जे लागले नाही ते शिकवायचे सुचले नाही आणि शिकायचेही सुचले नाही.

"चुकलं माझं," आजी म्हणाली. मोठ्या माणसाने लहानाला असे सरळ म्हणणे त्या घरात फारसे घडत नसे. नातीने मान वळवून बाहेर पाहिले.

आठवडाभर अबोला राहिला. नातीच्या सरांना सगळे कळले होते. ते आजीशी बोलले नाहीत, पण त्यांनी संघाचा सराव पहाटे साडेपाचला सुरू केला. दिल्लीला २०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही अंतिम सामन्यांत भारतासमोर नेपाळ होता. आपल्या प्रियांका इंगळेच्या संघाने ७८-४० ने आणि प्रतीक वाईकरच्या संघाने ५४-३६ ने चषक जिंकला. त्याची चित्रफीत नात त्या आठवड्यात फोनवर लावून बसली होती. आपल्या मुलींचे डाव ती पुढे पळवत होती आणि नेपाळच्या मुलींचे थांबून थांबून बघत होती. आजीने ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

रविवारी सकाळी आजी घाटावर आली. नर्मदेवर धुके होते. नदीतल्या मंदिराचा कळस तेवढा दिसत होता. "नर्मदे हर," म्हणत परिक्रमेचे दोन साधू पुढे गेले. आजी नावेत बसली. नावाड्याने वल्हे उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. पायऱ्यांवरून कुणीतरी धावत येत होते.

नात नावेत चढली ती आजीकडे न बघता दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पाय घसरून एक चप्पल ओली झाली होती, ती झटकत राहिली. वाटेत कोणी बोलले नाही.

पलीकडे शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत मुली चुन्याने पाटी आखत होत्या. नातीला पाहून त्या थबकल्या. ती बारीकशी मुलगी, कोपराला पट्टी बांधलेली, खांबाजवळ उभी होती. नात सरळ तिच्यापाशी गेली. थोडा वेळ खांबाकडे बघत राहिली.

"इसमें पहले हाथ छोड़ना है कि पहले पैर?" तिने विचारले.

त्या मुलीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"पहले चप्पल तो उतारो, दीदी," ती म्हणाली.